खरोखरच जड

"हळू! पाय सांभाळा!"

हातगाडीवरून लाल गोळा उतरवताना मामा आणि जुन्या सामानाचा व्यापारी दोघंही घामाघूम झाले. गोळा मोठ्या कलिंगडाएवढा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : १०० किलो.

"फिरत्या खेळातल्या पैलवानाचा आहे, साहेब! एका हातानं उचलायचा!" व्यापारी म्हणाला आणि पुराव्यादाखल त्यानं एक जुना फोटो पुढे केला.

मामाचे डोळे लकाकले. त्याच्या खोलीत बंद पडलेल्या गिरण्यांचे पितळी बिल्ले होते, खाणकामगारांचे दिवे होते, विदूषकाचे हातभर लांब बूट होते. पैलवानाचा गोळा तेवढा नव्हता. बदल्यात व्यापाऱ्याला गिरणीचा भोंगा हवा होता. तो आजोबांचा. गिरणी बंद होईपर्यंत रोज सकाळी त्यांनीच तो वाजवला होता. "दे हवा तर. संग्रह तुझा," एवढंच ते मामाला म्हणाले होते आणि मघापासून तो फडक्यानं पुसत ओट्यावर बसले होते.

सुट्टीला आलेली भाची हे सगळं बघत होती. तिला घरात काटकोन म्हणत, कारण काही वाकडं दिसलं की तिला चैन पडत नसे.

"भोंगा जाणार!" मामेभाऊ ढोल कुजबुजला. त्याची कुजबुज अंगणभर ऐकू जाई, म्हणून तो ढोल.

"श्श! हा फोटो बघ. पैलवानाशेजारी गोळा कशावर ठेवलाय?"

"वेताच्या स्टुलावर. आईकडे आहे ना, तसल्याच. मग?"

"मग ते मोडलं कसं नाही?"

ढोलनं फोटोकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "बाबांना सांगू या!"

"आत्ता मामाला गोळ्याशिवाय काही ऐकू येणार नाही. त्यालाच करून बघू दे. तू स्टूल आण."

स्टूल आलं. काटकोननं आवाज शक्य तितका गोड केला. "मामा, भोंगा देण्याआधी अगदी असाच फोटो काढू या ना! गोळा स्टुलावर आणि तू दंड फुगवून!"

मामा खूश! व्यापारी मात्र चुळबुळला. "कशाला उगाच, साहेब? मला उशीर होतोय."

"मिनिटभराचं काम हो! धरा त्या बाजूनं!"

दोघांनी कण्हत-कुंथत गोळा उचलला आणि स्टुलावर टेकवला.

कर्रर्र... काड्!

स्टुलाचा चुरा झाला. व्यापाऱ्यानं उडी मारली म्हणून पाय वाचला.

"अगं बाई, माझं स्टूल!" मामी धावत बाहेर आली.

"मामा," काटकोन शांतपणे म्हणाली, "फोटोतला गोळा पोकळ असणार. खेळवाले गावोगाव फिरायचे. एवढं वजन गाडीवर कशाला वाहतील? हा खराच जड आहे, म्हणून खोटा आहे!"

मामा फोटोकडे बघतच राहिला. आजोबा उठले. त्यांनी किल्लीनं लाल रंग खरवडला. खाली लोखंडावर ठोक्यांचे खड्डेच खड्डे होते. वरची उचलायची कडी कापून तिथे रंगाऱ्याची लांबी भरून गुळगुळीत केलं होतं.

"भंगार फोडायचा गोळा आहे हा," ते म्हणाले. "ओतकामाच्या कारखान्यात उंचावरून जुन्या लोखंडावर सोडायचे. काय हो, रंग तुम्हीच दिलात ना?"

व्यापारी खाली बघत म्हणाला, "फोटो तरी खरा आहे, साहेब."

"तो स्टुलाच्या भरपाईत राहू दे!" मामी म्हणाली. "आणि गोळाही राहू दे. कामगारांचीच वस्तू आहे. भंगाराच्या भावानं पैसे मिळतील तुम्हाला."

मामानं कान पकडले. "बाबा, भोंगा कुठेही जाणार नाही."

आजोबांनी भोंगा ढोलच्या हातात दिला आणि काटकोनच्या पाठीवर थाप मारली. "गिरणीत तपासणीला तू असतीस, तर निम्मे साहेब घरी बसले असते!"

संध्याकाळी संग्रहातल्या गोळ्याला चिठ्ठी लावायचं काम मामानं भाचीलाच दिलं. तिनं नीट, सरळ अक्षरांत लिहिलं :

"भंगार फोडायचा गोळा. कारखान्यात लोखंड फोडलं. घरी स्टूल."