भिंतीवरून नाहीशी झालेली मांजर

“आजोबांनी आज पाचव्या दिवशीही कशाला तोंड लावलं नाही!” वही नावाची मुलगी धापा टाकत कठड्यापाशी येऊन थांबली.

“गाजर दाखवलंस?” बडबड्याने विचारलं.

“वास घेतला आणि तोंड फिरवलं.”

“साखर?”

“बघितलीसुद्धा नाही!”

“मग मामला गंभीर आहे. आमचे खरे आजोबा साखरेचा डबा कुठेही लपवला तरी शोधून काढतात.”

“तू गप रे!” त्याची बहीण चिमटी म्हणाली आणि तिने खरोखरच त्याला चिमटा काढला.

हे आजोबा म्हणजे घोडेस्वारी शाळेतला सगळ्यात म्हातारा तपकिरी घोडा. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यानेच पाठीवर बसायला शिकवलं होतं, आणि कुणाला पाडलं नव्हतं. बडबड्या आणि चिमटी ही शाळेच्या नालबंदाची, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणाऱ्याची, मुलं. वही मात्र पाहुणी होती. तिचा मामा या शाळेचा व्यवस्थापक. तिच्या आईला दूरच्या शहरात नवी नोकरी लागली होती, आणि राहायला जागा मिळाली की तुला नेते, असं सांगून ती वहीला मामाकडे सोडून गेली होती. त्याला आता तीन आठवडे झाले होते.

मामा वाईट नव्हता, पण त्याला वेळ नव्हता. तो रात्रीचं ताट झाकून ठेवायचा आणि कामाला निघून जायचा. वही एकटीच जेवायची. निम्मं जेवायची, निम्मं तसंच ठेवायची. दिवसभरात ती जेवढं बोलायची त्यातलं बहुतेक आजोबांशीच, तेही मैदानाच्या कठड्यावरून, कारण पागेतल्या आतल्या रांगेत मुलांना जायची बंदी होती. नालबंदाच्या मुलांशी ओळख झाली ती गेल्या आठवड्यात, आणि ती दोघं संध्याकाळ झाली की आपल्या घरी जायची. म्हणजे खरं सांगायचं तर इथे तिचं असं कुणी होतं तर तो हा घोडा, आणि आज चार वाजता त्याला न्यायला ट्रक येणार होता.

घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे दात बघितले होते, पोट आणि रक्तही तपासलं होतं. कशातच दोष निघाला नाही. सोमवारी शाळेची तपासणी होती. हाडं दिसणारा घोडा रांगेत नको म्हणून मामाने त्याला लांबच्या कुरणावर धाडायचं ठरवलं होतं. “रिकाम्या पोटी एवढा प्रवास? तो जिवंत पोचेल असं मी लिहून देणार नाही,” असं बाई म्हणाल्या होत्या. तरीही ट्रक ठरला होता.

“निदान त्याचं चित्र तरी काढून ठेवते,” वही म्हणाली. तिने वही उघडली. तिचं नावच त्या वहीमुळे पडलं होतं. पागेबाहेरच्या लांब भिंतीवर इतिहासातले नामांकित घोडे रंगवलेले होते आणि प्रत्येकाखाली मालकाचं नाव होतं. स्वतःच्या सावलीला बुजणारा ब्युसेफॅलस आणि त्याचं तोंड सूर्याकडे वळवणारा सिकंदर. नेपोलियनचा मारेंगो. लढाईत दिवसभर इंग्लिश सेनापती वेलिंग्टनला पाठीवर घेऊन शेवटी त्यालाच लाथ मारायला निघालेला कोपनहेगन. आल्याच्या पहिल्या तीन दिवसांत वहीने ती अख्खी भिंत पानांवर उतरवून घेतली होती. करायला दुसरं होतं काय?

पानं उलटता उलटता तिचा हात थांबला. तिने भिंतीकडे बघितलं. पुन्हा वहीकडे बघितलं.

“मांजर कुठे गेली?”

“कुठली मांजर?” दोघं एकदम म्हणाली.

“हा बघा, गोडॉल्फिन नावाच्या इंग्लिश सरदाराचा अरबी घोडा. माझ्या चित्रात त्याच्या पायाशी मांजर आहे. भिंतीवर नाही!”

भिंतीवर मांजरीच्या जागी ताजा हिरवा रंग होता. चिमटीने बोट लावलं तर बोट हिरवं झालं.

“पण मुळात घोड्याच्या चित्रात मांजर कशाला?” बडबड्याने विचारलं.

“ती त्याची दोस्त होती. दोघं एकमेकांना सोडून राहायचीच नाहीत, असं सांगतात. शर्यतीच्या केवढ्या तरी घोड्यांचा तो पूर्वज. एवढा मोठा घोडा, पण त्याला करमायचं ते मांजरीबरोबर.” बोलता बोलता वहीचा आवाज बारीक झाला. “थांबा... आजोबांना कुणी दोस्त होता का?”

“काय माहीत! आम्हाला आतल्या रांगेत जाऊ कोण देतंय?” चिमटी म्हणाली. “घोड्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दारकाकांना सगळं ठाऊक असतं. पण ते दहा दिवस झाले, रजेवर आहेत.”

वही बंदी विसरून धावत आत गेली. आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या झुलीवर, बरोबर पाठीच्या मध्यावर, करडे केस चिकटले होते. गव्हाणीच्या कोपऱ्यात गवत दाबून केलेला एक वाटोळा खळगा होता, वहीची टोपी बसेल एवढा. आणि मागे एक पालथी बशी.

“बाई गं!” वही म्हणाली. “यांनाही मांजर होती!”

रंगारीकाका मागच्या अंगणात ब्रश धूत बसले होते. तिघांनी त्यांना गराडा घातला.

“काका, भिंतीवरची मांजर तुम्ही पुसलीत?”

“साहेब, म्हणजे तुझे मामा, म्हणाले, घोड्यांच्या शाळेत मांजर बघून पाहुणे हसतील. पुसा म्हणाले, पुसली. आज रंगाचा दुसरा हात मारला. माझ्या वडलांनी काढलेली होती ती.” काका जरा घुटमळले. “खरी होती तिलाही पहिला हात मारला त्याच दिवशी हलवलं. चंदीवाला घोड्यांच्या दाण्याची, म्हणजे चंदीची, पोती घेऊन आला होता, तोच तिला पोत्यात घालून घेऊन गेला. त्याच्या गोदामात उंदीर फार झालेत.”

“कधी?”

“झाले की आता पाच दिवस!”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. साडेबारा वाजले होते.

“मी इथेच थांबतो,” बडबड्या म्हणाला. “ट्रक लवकर आला तर माझं तोंड कामाला येईल. तुम्ही जा!”

वहीने आजोबांची झूल काखेत मारली आणि दोघी एका सायकलवरून सुटल्या.

गोदाम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. दारातच चंदीवाला खुर्ची टाकून बसला होता. दोघींचं सगळं ऐकून त्याने खांदे उडवले.

“घोडा मांजरीसाठी उपाशी? काहीतरीच! आणि ती हातात येईल तर शपथ! आल्यापासून त्या थप्पीवर चढून बसलीय. उंदीर धरत नाही की दूध पीत नाही. मला बोचकारलं, हमालाला बोचकारलं. पकडून दाखवा, मग खुशाल न्या!”

“नक्की?” चिमटीने डोळे बारीक केले.

“शब्द दिला!” तो हसत म्हणाला.

छताला टेकलेल्या पोत्यांच्या टोकाशी दोन पिवळे डोळे दिसत होते. चिमटी चढायला निघाली, पण वहीने तिला मागे ओढलं. पकडायचं कशाला? तिने झूल जमिनीवर पसरली आणि स्वतः लांब जाऊन बसली. तिला ठाऊक होतं. आई गेल्यावर तीही पहिले चार दिवस आईची शाल उशाशी घेऊन झोपली होती.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग वरून भुसा सांडला. करडी मांजर एकेक पोतं उतरत खाली आली, तिने झूल हुंगली, दोनदा गोल फिरली आणि मधोमध अंगाची गुंडाळी करून बसली. वहीने झुलीची चार टोकं हळूच उचलली.

“आम्ही पकडली नाही हं काका,” चिमटी म्हणाली. “तीच आली!”

चंदीवाल्याने खुर्ची बाजूला ओढून त्यांना वाट करून दिली.

इकडे ट्रक दोन वाजताच येऊन ठेपला होता!

“ड्रायव्हरकाका, मागच्या डाव्या पायाचा नाल ढिला वाटतोय,” बडबड्या गंभीरपणे सांगत होता. “वाटेत निघाला तर घोडा लंगडेल. मग जबाबदारी कुणाची? तुमची!”

ड्रायव्हरच्या कपाळाला आठ्या पडल्या. नालबंदाला बोलावणं गेलं. बडबड्याच्या बाबांनी नाल हलवून बघितला, मुलाच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाले, “चारही बघावे लागतील.” मग त्यांनी चारही पाय असे निवांत तपासले की मामा तीनदा घड्याळ बघून गेला.

शेवटी आजोबांना ट्रकच्या फळीवर चढवायला घेतलं तेव्हा ते अडलेही नाहीत. मान खाली घालून निमूट निघाले. ते बघून बडबड्याची बडबडच थांबली.

“थांबा!” फाटकातून सायकल आत आली. “मामा, थांब!”

“हे काय आता? झुलीत काय आहे?”

“त्यांची मांजर! तू पाठवून दिलीस ती!” वही रडकुंडीला आली होती, पण मागे हटली नाही. “दुखत नाहीये त्यांना काही. एकट्याला जेवण जात नाही, मामा!”

मामा काही बोलायच्या आत झूल हलली. मांजर फळीवर उतरली, तिथून एका उडीत आजोबांच्या पाठीवर गेली आणि रोजच्या जागी बसली. आजोबांचे कान टवकारले. त्यांनी मान वळवली, नाकपुड्या फुगवून एक लांब श्वास घेतला, आणि आपण होऊन मागे सरकत फळीवरून खाली उतरले. मग तडक पागेकडे चालू लागले. लगाम धरलेला माणूस मागून ओढला जात होता!

गव्हाणीतून चंदी चावल्याचा आवाज आला तेव्हा डॉक्टरीणबाईही येऊन पोचल्या होत्या.

“मी याचे दात तपासले, पोट तपासलं, रक्त तपासलं,” त्या म्हणाल्या. “शेजारून कोण गेलं, ते या पोरांनी तपासलं. शाबास!”

ट्रक रिकामा परत गेला. मामाने टोपी काढून डोकं खाजवलं. “चुकलं माझं,” तो म्हणाला. मग रंगारीकाकांना हाक मारून त्याने भिंतीवरची मांजर पुन्हा काढायला सांगितली. काकांनी वहीकडून वही मागून घेतली आणि त्यात बघून अगदी तशीच मांजर काढली. फक्त थोडी जाडी.

संध्याकाळी नालबंदाची मुलं घरी गेली. वही स्वयंपाकघरात आली तर टेबलावर झाकलेलं ताट नव्हतं.

“मामा?”

“इकडे ये, पागेत!”

आजोबांच्या शेजारी एक बाक ओढून घेतलेलं होतं. बाकावर दोन ताटं होती आणि एका ताटासमोर मामा बसला होता.

“एकट्याला जेवण जात नाही म्हणे,” तो म्हणाला.

“आजोबांचं म्हणतोयस ना?”

“त्यांचंही,” मामा म्हणाला आणि तिच्यासाठी बाजूला सरकला.

वही बसली. पाचव्या दिवशी तोंड उघडलेल्या घोड्याचं खाणं बराच वेळ चाललं होतं. त्या रात्री वहीने दोनदा वाढून घेतलं.