मधल्या रेषेवरचा गुडघा

खळगा बशीएवढा होता. कडा गुळगुळीत, तळाशी कृत्रिम गवताची हिरवी टोकं. बर्फ जेमतेम बोटभर जाडीचं, त्यामुळे ठसा स्वच्छ उमटला होता. त्याच्यापुढे काठीचा लांब, सरळ ठसा. असे तीन खळगे एकमेकांत मिसळले होते, तिन्ही मैदानाच्या मधल्या रेषेच्या एकाच बाजूला. पलीकडे फक्त बुटांचे ठसे.

लोर्ना पेट्राकिसने मापासाठी शेजारी आपला हातमोजा ठेवला आणि फोटो काढला.

रुग्णवाहिका वेस टालकॉट या खेळाडूला घेऊन गेली होती. तिच्या माणसांच्या गुडघ्यांचे ठसे वेगळे होते, दूर कुंपणापाशी, जिथे सकाळी वेस पडलेला सापडला तिथे.

त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. असणार कुठून? ते लोर्नाच्या कपाटात होतं. जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा लॅक्रॉस, त्याच्या कॉलेज संघातल्या खेळाडूंच्या शरीराची जबाबदारी तिची. मेंदूला मार बसला की हेल्मेट काढून घ्यायचं आणि कुलपात ठेवायचं, ही या कामातली रीत. पोरं दिलेला शब्द पाळत नाहीत, पण हेल्मेटशिवाय मैदानात उतरत नाहीत. असं ती आजवर समजत होती.

वेसला हा तिसरा मार होता. त्याने यापुढे खेळावं की नाही, हा निर्णय डॉक्टरांनी तिच्यावर सोडला होता. मुख्य कोच ग्रँट हॉलेनबेक दर वेळी म्हणायचा, घाई नको. आणि ती थांबायची.

इस्पितळातून सर्जनचा फोन आला. कवटीच्या आत रक्त साचलं होतं, ते काढायला घेत होते. पोरगा घसरून पडला की कोणी आदळलं, आणि केव्हा, हे त्यांना हवं होतं. लोर्नाने शोधून सांगते म्हटलं. फोन खिशात टाकून ती तडक आत निघाली.

कोचांच्या खोलीत हीटर धगधगत होता. बचावाचा कोच रे पिनो बाह्या सरसावून बसला होता. हॉलेनबेकची लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली होती. त्याच्यासमोर ओवेन ट्रास्क उभा होता, गेल्याच वर्षी याच संघातून बाहेर पडलेला, आता सर्वांत धाकटा कोच. मैदानाची किल्ली या तिघा कोचांकडेच असे; हॉलेनबेकने ट्रास्कची मागून घेतली होती.

"फेस-ऑफ वेसला कोण शिकवतं?" हॉलेनबेक लोर्नाला म्हणाला. "हा. मग पहाटे त्याच्याबरोबर कोण असणार?"

फेस-ऑफने खेळ सुरू होतो. मधल्या रेषेवर चेंडू, दोन्ही बाजूंना एकेक गडी ओणवा, जाळीच्या काठ्या जमिनीला टेकलेल्या. शिट्टी झाली की झुंज.

"तू कुठे होतास?" लोर्नाने ट्रास्कला विचारलं.

"घरी. झोपलो होतो."

"कोणी पाहिलं?"

"एकटा राहतो मी. लोर्ना, तुम्ही हेल्मेट काढून घेतलंत त्या दिवसापासून मी त्याच्या हातात काठीसुद्धा दिलेली नाही. तो रोज मागायचा."

"आणि तू, रे?"

पिनोने पाय लांब केले. "माझे दोन्ही गुडघे धातूचे. चर्चमध्येसुद्धा मी उभ्यानेच देवाशी बोलतो. शिवाय मी गोलकीपर. फेस-ऑफ आयुष्यात घेतला नाही. ते काम ग्रँटचं. त्याच्या काळी दर मोसमात पँटीला भोकं पडायची. आता नियम बदललाय, गुडघा टेकला की चेंडू समोरच्याला. ट्रास्कसारख्यांच्या पँटी म्हाताऱ्या होतात, पण फाटत नाहीत."



लोर्नाने कोपऱ्यातल्या दोन काठ्या उचलल्या. एक ट्रास्कला दिली, एक टेबलावर ठेवली. चेंडू गालिच्यावर ठेवला.

"करून दाखव. वेस नक्की कसा उभा राहतो ते सर्जनला सांगायचंय मला."

ट्रास्क ओणवा झाला. दोन्ही गुडघे अधांतरी. भेदरल्यामुळे कंबर वर राहिली, काठी तिरकी पडली.

"ही काय पद्धत?" हॉलेनबेक उठला. "कंबर खाली. खाली! पोरांना हेच शिकवतोस का? सरक."

त्याने टेबलावरची काठी उचलली आणि ट्रास्कच्या समोर खाली गेला. उजवा गुडघा धाडकन गालिच्यावर टेकला.

पिनोने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"बर्फात असे तीन खळगे आहेत," लोर्ना म्हणाली. "टेकलेल्या गुडघ्याचे. पुढे काठीचा ठसा, म्हणजे ते रुग्णवाहिकेच्या माणसांचे नाहीत. ट्रास्कला गुडघा न टेकण्याचीच सवय आहे. रेला वाकताच येत नाही. उरतो तो जुन्या काळचा माणूस. चेंडू दिसला की त्याचा गुडघा आपोआप खाली जातो. टोपी काढ, ग्रँट."

"लोर्ना..."

"हीटरपुढे बसलायस. काढ."

त्याने टोपी काढली. उजव्या भुवईच्या वर जांभळं टेंगूळ होतं.

"फक्त बघायचं होतं, चपळाई राहिलीय का," तो गुडघ्यावरच बसून म्हणाला. "शनिवारच्या सामन्यासाठी. हळूच घ्यायचं ठरलं होतं. तिसऱ्या वेळी डोकी आदळली. पण तो उठला, लोर्ना. हसला. ठीक आहे म्हणाला, म्हणून मी निघालो."

"असा मार बसला की आधी माणूस ठीकच असतो. बोलतो, चालतो. तो हसत होता तेव्हा आत रक्त साचत होतं. तू निघाल्यावर चालत कुंपणापर्यंत गेला असेल आणि तिथे कोसळला असेल." तिचा आवाज चढला नाही, शब्द मात्र एकेक करून सुटत होते. "सर्जन विचारत होता, कोणी आदळलं का. तू इथे बसून या पोराकडून किल्ली मागत होतास."

तिने तिथूनच इस्पितळाला फोन लावला. डोक्यावर डोकं आदळलं, सांगितलं. केव्हा, ते हॉलेनबेकला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायला लावलं. पलीकडून निरोप मिळाला की रक्त काढून झालंय, पोरगा वाचेल.

ट्रास्क भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. पिनोने हॉलेनबेकसमोरची किल्ली उचलून ट्रास्कच्या मांडीवर ठेवली.

हॉलेनबेकने डोळे मिटून श्वास सोडला. मग सवयीने, जणू काही झालंच नाही अशा सुरात, त्याने विचारलं, "म्हणजे एप्रिलपर्यंत खेळायला उभा राहील? लगेच नको सांगूस. घाई नको."

लोर्नाने खिशातून कपाटाची किल्ली काढून मुठीत घट्ट धरली.

"वेस टालकॉट यापुढे कधीही खेळणार नाही," ती म्हणाली.