सूर न लिहिलेली ओळ

मी झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत तबला वाजवतो. म्हणून सांगतो, हे ऐकीव नाही. यातलं शेवटचं तर माझ्या बाजूलाच घडून राह्यलं आहे… अजूनही.

गोष्ट माझ्या आतेभावाची, प्रफुल्लची. तो आमच्याच कंपनीत पेटीमास्तर आहे.

गेल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसाची दुपार. वडसा, आमच्या कंपनीचं गाव. लख्ख ऊन.

आदल्या आठवड्यात कंपनीचे मालक गुणवंतराव त्याला सगळ्यांसमोर बोलले होते. "मास्तर, दरसाली त्याच चाली. तुमचं गाणं लागलं का लोकं चहाले उठतात. भाऊबीजेच्या आत नवीन चाल द्या. नाई तं मी गाणं वाजवणारं मशीन आणतो. ते चहा बी मागत नाई अन् झोपत बी नाई."

आम्ही हसलो. प्रफुल्ल नाही हसला.

अठरा वर्षं रातभर पेटी वाजवून बोटं आखडली होती. सुचणं बंद झालं होतं. थकला होता माणूस.

मग ब्रह्मपुरीच्या एका रद्दीवाल्याकडं त्याला तीन वह्या भेटल्या. लहानू मास्तर म्हणून कोणी जुने पेटीमास्तर, त्यांनी हातानं लिहिलेल्या चाली. कोणी कधी न ऐकलेल्या.

त्यातलं एक गाणं तर असं, की वाचतानाच अंगावर काटा यावा.

पण मधली एक ओळ… रिकामी.

शब्द होते. त्याखाली सूर नव्हते.

प्रफुल्लला नवल नाही वाटलं. जुने मास्तर असंच करत. चाल चोरीला जाऊ नये म्हणून एक ओळ लिहायचीच नाही.

त्या दुपारी खोलीत बसून त्यानं गाणं वाजवलं. रिकाम्या ओळीपाशी हात थांबला.

आणि… कोणीतरी श्वास घेतला.

गाण्याआधी घेतात तसा. पोटातून.

मग बाईचा बारीक आवाज. तीच ओळ.

शेजारी रेडिओ असंल, म्हणून तो बाहेर आला.

शेजारच्या दाराला… कुलूप.

दुसरा कोणी पळाला असता. पण भ्यायलाही अंगात ताकद लागते. तो परत येऊन बसला. पेन घेतला, त्या ओळीखाली आपल्या मनानं सूर लिहिले आणि गाणं सलग वाजवलं.

झाली चाल!

फक्त… त्या ओळीवर श्वास पुन्हा आला.

गाणं नाही आलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. नुसता श्वास. जरा जवळ.

तिसऱ्या दिवशी… कानापाशी.

चौथ्या दिवशी त्यानं वह्या पिशवीत घातल्या, त्या ओळीची खरी चाल विचारायला.

एका वहीला जुन्या लग्नपत्रिकेचं कव्हर होतं. पत्रिका लहानू मास्तरांच्या मुलीची, भागीरथाची. गाव सिंदेवाहीच्या पुढं, जंगलाला लागून.

जीप बदलत बदलत तो दुपारी पोचला. भागीरथाबाई अंगणात धान पाखडत होती. साठीची असेल. बाप गेल्यावर इथंच राहायची, एकटी. वह्या पाहून तिचं सूप थांबलं.

"कुठी भेटल्या गा ह्या? माह्या पोट्ट्यानं रद्दीत देल्या होत्या."

"बाई, यातली एक ओळ मास्तरांनी लपवली आहे. ती चाल पाह्यजे मले. माह्या पोटाचा सवाल आहे."

"लपवली? अरे, ती जागा माह्या आईची होय."

तिची आई सुकरी. नाटकात गायची. त्या ओळीला मास्तर पेटीवरचा हात उचलायचे. ती एकटी गायची.

"आई मेली, तरी बाबा तिथं हात उचलेच. लोकं म्हणत, मास्तर चुकला. बाबा म्हणे, चुकलो नाई, तिले जागा देल्ली. घरात तिचा फोटो बी नाई, भाऊ. तेवढीच जागा होती."

प्रफुल्लनं हातातली वही मिटली.

"तिथं काई लिवलं तं नाई ना तुनं?"

"नाई," तो म्हणाला.

तेवढ्यात घरातून… श्वास.

पोटातून घेतलेला. लांब.

घरात कोणी नव्हतं.

भागीरथाबाईनं दाराकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. चिडली नाही. थकून म्हणाली,

"म्हंजे लिवलं."

सूप उचलून ती आत गेली. वह्या तिनं घेतल्या नाहीत.

प्रफुल्लनं ब्लेडनं ते सूर खरवडले. कागदाला भोक पडलं. भाऊबीजेला खेळ लागला. गाणं आलं. त्या ओळीला त्यानं हात उचलला.

श्वास आला. या वेळी मीही ऐकला… आमच्या दोघांच्या मधून.

आम्ही थांबलो. ती गायली नाही.

त्यानं गाणं सोडून द्यावं, असं मी शंभरदा म्हटलं. तो म्हणतो, "म्या तिची जागा घेतली होती बे. आता ती गात नाई तोवर हात कसा ठेवू?"

गुणवंतरावांनी कालच बजावलं. आणखी एकदा पेटी अडली, तर मशीन येणार.

मी तबल्यावर बोटानं मोजत असतो. भाऊबीजेला पेटी तालाचं एक आवर्तन बंद होती. पुढच्या खेळाला दोन.

परवा अकरा.

आज रात्री पुन्हा खेळ आहे. तो मघापासून गाडीत जाऊन बसला आहे. पेटी मांडीवर.

बाजूची जागा त्यानं रिकामी ठेवली आहे. मला म्हणाला, "तू मागं बस."