कळपाची एकच घंटा

"अगं आजी, अंगठा नीट दाब!"

"दाबलाय की रं बाबा! आणखी किती दाबू? यंत्रात शिरू व्हय?"

लाल दिवा लागला. पुन्हा लागला. वडगाव रासाईच्या सेवा केंद्रात बयाबाईच्या मागं स्वप्नाली, तिचा चुलतभाऊ रविराज आणि मैत्रीण सायली अशी तिघं मान उंचावून उभी होती. दिवाळीची सुट्टी होती, पण फटाके घरातच पडून होते. उद्या सकाळी गावातून डोळ्यांच्या शिबिराची गाडी निघणार होती. आजीचा एक डोळा तर कधीच मिटला होता, आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी बजावलं होतं, 'मोतीबिंदू फार पिकलाय. आता उशीर केलात, तर हाही डोळा हातचा जाईल.' आणि आरोग्य कार्ड असेल त्यालाच गाडीत जागा!

केंद्र चालवणारा सत्यजीत जांभई देत म्हणाला, "जन्मभर लोकर कातून बोटं गुळगुळीत झालीत तिची. रेघच उरली नाही."

"मग डोळा घ्या ना!" स्वप्नाली म्हणाली.

डोळ्याचं यंत्र लावलं. तेही नाहीच म्हणालं. बाहुलीवर दुधाची साय धरलेली. त्या सायीतून यंत्राला काय दिसणार?

"म्हणजे डोळा बरा करायला कार्ड पाहिजे, आणि कार्डासाठी डोळा बरा पाहिजे?" सायली ओरडली. "हा कसला न्याय!"

"आता एकच वाट. हिच्या नंबरवर ओटीपी पाठवतो." सत्यजीतनं कळ दाबली. "गेला. शेवटी चार-सात असलेला नंबर. कुणाकडं आहे फोन?"

कुणाकडंच नव्हता.

"अरे हां, चार-सात! तुमच्या अख्ख्या वस्तीचं हेच रडगाणं. तुळजाबाईला चार-सात, दगडोबाला चार-सात! जा आता. मी पाचला शटर ओढून सासुरवाडीला चाललो. शिबिरं काय, पुन्हा येतील."

शिबिर येईल हो. डोळा येईल का?

बाहेर लिंबाखाली रविराज पुटपुटला, "सगळ्या वस्तीला एकच नंबर? काहीतरी घोळ आहे!"

"घोळ कशाचा?" म्हस्कूआबा पारावर टेकले होते. वस्तीत आता मेंढरं उरली होती ती त्यांच्याचकडं. "कळपाला घंटा एकच असती पोरांनो. पुढच्या बोकडाच्या गळ्यात. ती वाजली की बाकीची मागनं येत्यात. आधारचा कॅम्प आला तवा वस्तीत फोन एकच व्हता. सगळ्यांनी त्योच दिला. त्यात काय चुकलं?"

"कुणाचा फोन, आबा?"

म्हस्कूआबांनी स्वप्नालीकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. "ईश्वरचा."

ईश्वर म्हणजे स्वप्नालीचे बाबा. दोन वर्षांमागं मेंढरं घेऊन कोकणात उतरताना घाटात ट्रक आला, आणि बाबाही गेले, फोनही गेला. तो नंबर ज्यात साठवला होता, तो आईचा जुना फोनही नंतर बिघडला. आणि आज आई कंपनीत, शिफ्टला. फोन गेटवरच्या कपाटात.

"पूर्ण नंबर कुणाला आठवतो का?" सायलीनं विचारलं.

"मला येतो की," बयाबाई म्हणाली. "आकडे न्हाई कळत मला. म्हणून ईश्वरानं आन् मी मिळून त्याची ओवी केली. तो लांब गेला की मी दळताना म्हणायची." आणि तिनं डोळे मिटून सूर धरला:

*नऊ मासांचं गं ओझं, देवा, फुलावानी झालं,*
*आठ गावांत हिंडून बाळा घोंगडं आणलं…*

नऊ. आठ. रविराज बोटांवर आकडे धरू लागला. ओवी पुढं पुढं सरकत गेली आणि शेवटाला आली:

*चारी दिशा फिरं माझा मेंढरांचा राजा,*
*सात घाटांखाली त्याच्या घंटेचा गं बाजा.*

"चार-सात!" रविराजनं उडी मारली. सायलीनं आपल्या फोनवर आकडे दाबले आणि फोन स्वप्नालीच्या हातात दिला.

घंटी वाजू लागली. बाबांच्या नंबरवर! वेड्यासारखं मन म्हणत होतं, उचलतील. आता उचलतील.

"हॅलो? कौन?"

परका आवाज. स्वप्नाली त्यामागचे आवाजच ऐकत राहिली. रविराजनं घाईनं फोन ओढला. "हॅलो! तुमच्याकडं ओटीपी आला असेल, तो पटकन सांगा!"

"अच्छा, तो तुम हो! ओटीपी किसी को नहीं बताना है!" खट्! पुन्हा लावला, तर लागेचना.

"शहाण्या!" सायली भडकली. "अनोळखी माणसाला कुणी असं विचारतं? चोर समजला तो आपल्याला! मीसुद्धा नसता सांगितला!"

रविराजचं तोंड चिमणीएवढं झालं. मात्र स्वप्नाली अजून कान टवकारूनच होती. "त्याच्या मागं इंजिन चालू होतं. धक् धक् धक्, आणि मग एक उचकी. आणि कुणीतरी म्हणालं, काहील उतरवा."

"काहील म्हणजे गुऱ्हाळ!" सायली म्हणाली. "रस उकळायची मोठी कढई. आणि गुऱ्हाळं म्हणजे नदीपलीकडं राहू गावाला!"

"तिथं पावलोपावली गुऱ्हाळं! कुठलं शोधायचं?"

"घंटेवरून कळप ओळखतात ना?" स्वप्नाली म्हणाली. "तसंच."

म्हस्कूआबा काठी टेकत उठले. "तुम्ही जावा. सत्यजीत पाचला कसा जातोय ते मी बघतो."

पोरांनी सायकली काढल्या. पूल ओलांडताना खाली भीमा संथ, गढूळ वाहत होती. पलीकडं उसाच्या भिंती, आणि वाऱ्यावर गुळाचा गोड, करपट वास. पहिल्या गुऱ्हाळाचं इंजिन सरळ चालत होतं. दुसरं घुरघुरत होतं. तिसरं विजेवर, मुकं. उन्हं उतरू लागली. स्वप्नालीच्या डोळ्यांपुढं आजी येत होती: चाचपडत चुलीपाशी जाणारी, भाकरीऐवजी हात भाजून घेणारी.

"चल परत," रविराज दमून म्हणाला. "पाच वाजत आले."

"थांब!"

धक् धक् धक्… हुच्!

"हेच!"

काहिलीखालच्या चुलवणात एक उंच माणूस उसाचं चिपाड सारत होता. कमरेला साधा फोन. स्वप्नाली पुढं झाली आणि तिनं आधी हात जोडले. "काका, मघाशी फोन आमचाच होता. तुमचा नंबर पूर्वी माझ्या बाबांचा होता."

त्या माणसाचं नाव रामसूरत. त्याच्या कपाळाला आठी पडली. "ये नंबर मैंने दुकान से लिया है, कागज देके। पहले दिन से ओटीपी आता है! डर लगता है। कोई मेरे नाम पे चोरी तो नहीं करता? किसी को नहीं बताया मैंने।"

त्यानं अंगठ्यानं आकडे झाकून फोन पुढं धरला. ओटीपीमागून ओटीपी! कुणाच्या रेशनचा, कुणाच्या बँकेचा. अख्खी वस्ती त्या फोनमध्ये अडकून पडली होती.

"हा माणूस लबाड असता तर?" सायली हळूच म्हणाली. तिघांच्याही अंगावर काटा आला.

"काका, आजचा ओटीपी द्या ना! आजीचा डोळा जाईल हो!"

"नहीं दूँगा, बिटिया। हर मैसेज में यही लिखा है।"

स्वप्नालीला रडूच आलं. आणि रडता रडता, काय वाटलं कोण जाणे, ती ओवी म्हणू लागली. नऊ मासांचं ओझं, आठ गावांतलं घोंगडं. प्रत्येक आकड्याला ती बोट उभं करत होती. रामसूरतनं चिपाड खाली ठेवलं. शब्द सगळे कळले नसतील त्याला. पण बोटं कळली. आपलाच नंबर कुणाच्या तरी आईनं ओवीत गुंफला होता!

गमछ्यानं तोंड पुसून तो म्हणाला, "बताऊँगा नहीं। मैं खुद चलता हूँ। अम्मा को अपनी आँख से देखूँगा, अपने हाथ से नंबर डालूँगा।"

"पण केंद्र बंद झालं असेल!" रविराज कळवळला.

गुऱ्हाळमालकाच्या मोटारसायकलवर रामसूरत आणि मागं स्वप्नाली. बाकीची दोघं सायकलीवर जीव तोडून! पाच केव्हाच वाजून गेले होते. गावात शिरताच स्वप्नाली हसली. आज पहिल्यांदाच.

केंद्रापुढचा रस्ता मेंढरांनी भरून गेला होता! पायरीवर मेंढरं, शटरखाली मेंढरं. सत्यजीतच्या मोटारसायकलच्या सीटवर एक कोकरू!

"आबा, हाकला ती!" सत्यजीत किंचाळत होता. "सासरची माणसं वाट बघतायत!"

"व्हय व्हय, हाकलतो की," म्हस्कूआबा निवांत तंबाखू मळत होते. "पर घंटेचा बोकड जागचा हलंना. त्यो हलल्याबिगर बाकीची कशी हलायची?"

बोकडाच्या गळ्यातली दोरी आबांच्या पायाखाली होती, हे मात्र कुणी पाहिलं नाही!

रामसूरत बयाबाईपुढं बसला. तिनं त्याचा चेहरा चाचपला. "कोन रं तू?"

"जिसके पास आपका नंबर है, अम्मा।"

"म्हंजी ईश्वराच्या जागेवर हायस," ती म्हणाली. रामसूरतची मान खाली गेली.

सत्यजीतनं पुन्हा कळ दाबली आणि नवा ओटीपी आला. रामसूरतनं तो स्वतः, हळूहळू दाबला. हिरवा दिवा लागला आणि पोरांनी असा गलका केला की मेंढरं खरोखरच उधळली!

गलका ऐकून सायलीचे आजोबा हौसराव आले; गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. सगळं ऐकून सत्यजीतला म्हणाले, "कॅम्पला टेबलावर तूच होतास ना रे?"

"रांग मोठी होती, आप्पा," सत्यजीत पुटपुटला. "सगळे एकच नंबर सांगत होते. मी विचारलं नाही."

"आणि ही माणसं दोन वर्षं परक्याच्या फोनवर जगली! उद्यापासून वस्तीवर जाऊन एकेकाचा नंबर बदलायचा. पैसे घेशील तर माझ्याशी गाठ आहे." मग त्यांनी पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाबास! आम्ही थोरांनी डोळे असून पाहिलं नाही. तुम्ही नुसत्या कानांनी शोधलंत!"

म्हस्कूआबा मान हलवत राहिले. "घंटा एक असावी मेंढरांना. मानसांना ज्याची त्याला हवी."

दुसऱ्या दिवशी गाडी बयाबाईला घेऊन गेली.

पुढं तिचा डोळा उघडला, आणि यंत्रानं त्या डोळ्यावरून तिला ओळखलं. सत्यजीत या वेळी अदबीनं म्हणाला, "आजी, जुना नंबर काढून सूनबाईंचा घालतो हं."

"काढतोस?" बयाबाईचा आवाज बारीक झाला. "ईश्वराचा?"

स्वप्नालीनं तिचा हात घट्ट धरला. "ओवी नाही ना काढत, आजी. ती राहील. आईच्या नंबराची आपण नवी करू."

"कितीनं सुरू हाय?"

"सात. मग शून्य."

"सात रंगांची दुनिया डोळ्यांत मावली…" आजी गुणगुणली आणि अडली. "शून्याला काय म्हणू गं?"

"पुरी म्हण!" रविराज म्हणाला. सायली फिस्सकन हसली.

आजी नव्या डोळ्यानं दूर माळाकडं पाहत राहिली. "शून्य म्हंजी मेंढरं कोंडायचं वाडगं. गोल, रिकामं. मेंढरं चरायला गेली की तसंच दिसतं." मग पदरानं डोळा टिपून म्हणाली, "पर वाडगं मोडत न्हाईत, पोरी. झाडून ठेवत्यात."

आणि स्वप्नालीनं ओवीची पुढची ओळ धरली.