माझी हरकत नाही

फोन उचलताच डुलकीचा रडवेला आवाज आला, "वकीलबाई, मी कामातून गेलो!"

वकीलबाई तेव्हा दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यावर धापा टाकत उभी होती. माध्यमांचा तास आणि कायद्याचा तास नेमके एकाच वेळी लावायचे, ही त्या विद्यापीठाची जुनी खोड. डिजिटल माध्यमं आणि कायदा असा जोड अभ्यासक्रम मोठ्या थाटात सुरू केला, पण एक मूल दोन वर्गांत एकाच वेळी कसं बसणार, हा विचार करायला कुणाला सवड झाली नव्हती. माध्यमवाले तिला वकीलबाई म्हणत आणि कायदेवाले शूटिंगवाली. आपली असं कुणीच म्हणत नव्हतं. तिला या सगळ्याचा मनस्वी वैताग आला होता.

"रडू नकोस. काय झालं ते सांग."

"सरांची क्लिप बघितलीस?"

बघितली नाही असं माणूस उरलं नव्हतं. कायदा विभागाचे प्रमुख वर्गात उभे राहून ठणकावून सांगत होते, "निकाल आधीच ठरलेला असतो. सुनावणी हा नुसता देखावा!" एवढंच. सकाळपासून ती फोनाफोनांवर फिरत होती, आणि विभागाच्या दारावर कुणीतरी खडूनं 'देखावा' असं लिहूनही ठेवलं होतं.

"ती लॅबमधून माझ्या लॉगिनवरून गेलीय," डुलकी म्हणाला. "दुपारी समितीपुढे बोलावलंय. नाव काढून टाकणार म्हणतायत गं."

लॅबमध्ये तो खुर्चीत मुटकुळं करून बसला होता. कुठंही, कधीही झोपू शकणारा, म्हणूनच डुलकी हे नाव पडलेला हा मुलगा आज टक्क जागा होता. तीन वर्षं दोघांनी मिळून प्रोजेक्ट केले होते. तो कॅमेरा धरायचा आणि ती भांडायची.

"सर खरंच तसं म्हणाले?"

"म्हणाले, पण वाक्य तिथं संपलं नव्हतं! 'असं ज्याला वाटतं त्यानं वकिली करू नये,' असं होतं पुढं."

वकीलबाईनं कपाळावर हात मारला. आपल्या भाषेत सगळा नकार शेपटीला असतो. शेपूट छाटलं की साधुपुरुषही लबाड ठरतो.

"मूळ शूटिंग कुठंय?"

"लॅबच्या मशीनवर उतरवलं आणि कार्ड पुसून परत दिलं. मशीनवरचं आता कुणीतरी उडवलंय."

"आणि क्लिप गेली तेव्हा तू कुठं होतास?"

"करार कायद्याच्या तासाला. मशीन चालू ठेवूनच पळालो, उशीर झाला होता."

"मग हजेरी असेल की!"

"जोड अभ्यासक्रमाची नावं त्यांच्या पटावर आहेत कुठं? आणि मी मागच्या बाकावर..." तो ओशाळला. "झोपलो होतो. कुणी पाहिलंच नाही."

तिला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं क्लिप पुन्हा लावली. समोर सर उभे होते. पुढच्या बाकांवर मुलं होती आणि त्यांचे चेहरे धूसर केलेले होते. कोपऱ्यात कायद्याचे म्हातारे प्राध्यापक, सगळ्यांचे आजोबासर, हनुवटी छातीवर टेकवून बसले होते, त्यांचाही चेहरा धूसर होता. कडेला अभ्यासक्रमाच्या समन्वयक मॅडम वहीत काहीतरी टिपून घेत होत्या. त्यांच्या चेहऱ्याची फक्त एक बाजू दिसत होती, पण स्वच्छ दिसत होती.

"शूटिंगच्या आधी संमती घेतली होतीस?"

"घेतली ना. मॅडमनी शिकवल्यासारखी. एकेकानं कॅमेऱ्यात बघून म्हणायचं, 'माझी हरकत नाही.' आजोबासरांनी तर दोनदा म्हटलं."

"ते कुठंय?"

"वेगळ्या, पहिल्या कार्डावर. बॅगेतच आहे. उतरवायचं राहून गेलं."

"कुणाला माहीत आहे हे?"

"तुला सांगतोय तेच. आणि मॅडमचं घेतलं नाही हं. त्या तास सुरू झाल्यावर आल्या, मध्येच कसं विचारणार?"

वकीलबाईनं त्याच्याकडून बॅग जवळजवळ हिसकावूनच घेतली.

मॅडम आपल्या खोलीत होत्या. खोली म्हणजे दोन विभागांनी नको म्हणून टाकलेली, कपाटांच्या मागची जागा. हा अभ्यासक्रम त्यांनी एकटीनं उभा केला होता. दोन्हीकडच्या प्रमुखांचे उंबरठे झिजवून.

"मॅडम, तो असं करेल असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटतं याला कोण विचारतंय?" मॅडम थकून म्हणाल्या. "पण चेहरे बघ. असे झाकायची सवय आपल्याच मुलांना आहे. संमती घेतली नव्हती त्यानं, म्हणून झाकले. माझंच शिक्षण त्याच्या अंगाशी आलं. ताकीद देऊन सोडा, असं सांगेन मी."

"सर आपला अभ्यासक्रम बंद करणार, हे खरं?"

"शिफारस करणार होते. आता त्यांचं कोण ऐकतंय, बघू."

वकीलबाई दाराशी थबकली. मग बाहेर पडली. जिन्यात आल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

समितीत दोन्ही विभागांचे प्रमुख होते आणि मॅडम. डुलकी भिंतीला टेकून उभा होता.

"लॉगिन तुझं. शूटिंग तुझं," माध्यमप्रमुख म्हणाले. "आणखी काय हवं?"

"आरोपीची बाजू हवी, सर," वकीलबाई म्हणाली.

कायदाप्रमुखांनी चष्मा वर केला. दिवसभर टोमणे खाऊन त्यांचा चेहरा उतरला होता. "बोल. माझी सुनावणी तरी देखावा नसते."

तिनं पहिलं कार्ड लावलं. पडद्यावर एकेक जण येऊन म्हणू लागलं, माझी हरकत नाही. म्हातारे प्राध्यापक दोनदा म्हणाले.

"ही त्यानं घेतलेली संमती. क्लिपमध्ये जे जे धूसर आहेत, ते सगळे यात आहेत. म्हणजे त्याला यांचे चेहरे झाकायची गरजच नव्हती. चेहरे झाकणाऱ्याला ही संमती माहीत नव्हती."

"दुसरा कुणी विद्यार्थी असेल," माध्यमप्रमुख म्हणाले.

"त्यानं सगळेच झाकले असते, सर. बोलणारे सर सोडून एकच चेहरा उघडा राहिलाय. आणि वर्गात नेमकी तेवढ्याच माणसाची संमती घ्यायची राहिली होती, कारण ते माणूस उशिरा आलं. डुलकीनं झाकायचं ठरवलं असतं, तर तेवढा एकच झाकला असता. इथं बरोबर उलटं झालंय."

"शिक्षकांना झाकत नसतील."

"आजोबासरांना झाकलंय की."

वकीलबाई मॅडमकडे वळली. "मॅडम, क्लिप कापताना तुमचा चेहरा का नाही झाकला?"

"माझी संमती मला कशाला..."

मॅडम थांबल्या. वाक्याचं शेपूट तोंडातच राहिलं, पण या वेळी अर्थ बदलला नाही.

"मशीन चालू होतं," त्या म्हणाल्या. "त्याला ताकीदच मिळेल असं वाटलं होतं. नाव काढतील असं नव्हतं वाटलं. पाच वर्षं झिजले मी या वर्गासाठी, आणि सर एका सहीनं तो पुसणार होते. पोरांना यात ओढायचं नव्हतं, म्हणून चेहरे झाकले."

"एका पोराला ओढलंतच की," डुलकी पुटपुटला.

कायदाप्रमुख उठले. "मुलगा निर्दोष आहे. तुमच्याबद्दल वर कळवावं लागेल. आणि ही क्लिप पुन्हा दाखवून ती कुठं कापली ते सगळ्यांना सांगायला हवं, आजच."

"आणि आमचा वर्ग?" वकीलबाईनं विचारलं.

"ते नंतर बघू," ते म्हणाले. नेहमी म्हणत तसंच.

"मग क्लिपही लगेच दाखवता येणार नाही, सर. मॅडमचा चेहरा आहे त्यात. त्यांना विचारलेलं नाही."

"आता यांना काय विचारायचं?"

"विचारावं लागतं. असंच शिकवलंय आम्हाला."

डुलकीनं बॅगेतून कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. त्याला तो धरवत नव्हता. मॅडम ताठ बसल्या, शिकवताना दाखवायच्या तशा, आणि त्यांनी भिंगात पाहिलं.

"मी या अभ्यासक्रमाची समन्वयक. माझा चेहरा दाखवायला माझी हरकत नाही."

वकीलबाईनं कॅमेरा खाली घेतला. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"हात हलला तुझा," मॅडम हळूच म्हणाल्या. "परत घे."