फुग्यांच्या शेपट्या

"एकदा लिवून भागलं न्हाई व्हय? आता त्याचीच चित्रं!"

गंगूबाई तांदूळ निवडता निवडता पुटपुटल्या. बोलणं सुपाशी, पण रोख शेजारी बसलेल्या लेकीवर.

उषानं मान वर केली नाही. मांडीवर तिची कादंबरी होती आणि पुढ्यात चित्रकार हुस्नानं पौडहून पाठवलेली चित्रकथेची पानं. छापायला देण्याआधी दोन्ही ताडून बघायची होती. मालेसारख्या गावात ब्लाउज शिवणारी बाई प्रेमकथा लिहिते, याचंच लोकांना हसू. त्यात ही भर. पण उषाचं कारण साधं होतं. धाकटी बहीण शारदा एका जीपवाल्याबरोबर पळून गेली, तिचीच ही गोष्ट. असेल तिथं तिनं ती बघावी आणि परत यावं. शारदाला अक्षरांचा भारी कंटाळा. चित्रं दिसली तर हातात तरी घेईल.

घरात तिचा विषय निघाला की सगळे एकच म्हणत, "सुखात असंल." आणि उठून जात.

सुरुवातीची पानं झकास जुळली. जत्रेतली भेट, रानातली करवंदं, रुसवेफुगवे.

"नायक जरा जास्तच देखणा काढलाय," उषा हसली. "खऱ्याचं नाक केवढं होतं!"

"त्याचं नाव काढू नगं," आई म्हणाली.

मग पळून जाण्याचं प्रकरण आलं. कादंबरीत नायिका धुक्यात जीपमध्ये चढते, धरणाचं पाणी मागं पडतं आणि ताम्हिणी घाट उतरताना ती मोठ्यानं गाऊ लागते. चित्रात धुकं होतं, जीप होती. नायक सारखा मागं वळून बघत होता. पुढच्या चौकटीत जीप घाटाला लागली. शेजारची सीट रिकामी.

उषानं भराभरा पानं उलटली. पुढं कोकणातला संसार. नायिकेचं एकेक वाक्य पुस्तकातलंच, संवादाच्या फुग्यात नीट लिहिलेलं. ती मात्र कुठंच नव्हती. आणि फुग्यांच्या शेपट्या खाली जात होत्या, जमिनीकडं.

तिनं फोन लावला. "हुस्ना, नायिका कुठाय गं?"

"आहे की ताई. बोलतेय ना."

"बोलतेय, पण दिसत नाही. शेपट्या खाली का काढल्यास?"



"वर काढून बघितल्या, ताई. दर वेळी चुकल्यासारखं वाटायचं. आवाज खालून येतोय असं..." ती थांबली. "खोली मात्र तुमच्या पुस्तकातलीच हं."

उषानं पुस्तक चाळलं. पुस्तकात समुद्र होता, निळं दार होतं, परसात पपई होती. चित्रातली खोली बुटकी होती. भिंतीला गव्हाण. खिडकीचा एक गज तुटलेला, तिथं पोतं कोंबलेलं. खाली शहाबादी फरशी.

हा तर मागचा गोठा. हुस्ना या घरी कधीच आली नव्हती.

गुरं विकून झाल्यावर वडिलांनी, आबांनी, तिथं फरशी घातली होती. रिकाम्या गोठ्याला फरशी कशाला, असं कुणी विचारलं नव्हतं. शारदा गेली, तोच उन्हाळा.

"आये, हे बघ."

गंगूबाईंनी सूप खाली ठेवलं. पान डोळ्यांजवळ नेलं. वाचता येत नव्हतं त्यांना. बोट फुग्यावर टेकलं, शेपटीवरून खाली उतरलं आणि कोपऱ्यातल्या एका फरशीवर थांबलं.

"ह्यात काय लिवलंय?"

"'आईला म्हणावं, काळजी करू नको.'"

बोट हललं नाही.

ओट्यावर आबा खोकले. "च्या टाकताय का न्हाई?"

कुणी उठलं नाही.

"त्यो जीपवाला वाट बघून एकलाच गेला," आई हळूच म्हणाली. "ती कुटं गेलीच न्हाई, उषे."