मुकादमांची काठी

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या साडूच्या घरी. आणि रात्रीबित्री नाही... भर दुपारी, लख्ख उजेडात.

साडू आर्किटेक्ट आहे. त्याला धड थाप मारता येत नाही, लगेच कान लाल होतात. आयुष्यात एकच थाप त्याने नीट मारली, आणि तीच त्याला भोवली.

त्याचे वडील बांधकामावर मुकादम होते. सगळे त्यांना मुकादमच म्हणत. तरुणपणी त्यांनी एका गोल सभागृहाचं छत ओतून घेतलं होतं, पायऱ्यापायऱ्यांनी मध्याकडे निमुळतं होत गेलेलं. साडूने प्रदर्शनासाठी त्याच घाटाचा काँक्रीटचा स्पीकर करायचं मनावर घेतलं.

मुकादम पलंगावरून हसले. "मी अख्खं छत ओतलं. तू खेळणं ओत."

त्यांना दम्याने बेजार केलं होतं. वर त्यांची खोली, खाली साडूची कामाची जागा. काठी दोनदा आपटली की वर जायचं, असं ठरलेलं.

काँक्रीटचा माल ओतायच्या दिवशी घरात दोघंच होते. साडू साच्यात थोडा थोडा माल भरत होता आणि आतली हवा निघावी म्हणून रबरी हातोडीने साचा ठोकत होता. अर्धा साचा भरला, आणि...

ठक्. ठक्.

"आलो बाबा, पाचच मिनिटं!"

आता सोडलं तर सगळं मुसळ केरात. हात थांबला नाही.

ठक्... ठक्...

या वेळी जरा हळू. मग काहीच नाही.

डोळा लागला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. साचा काठोकाठ भरला. हात धुतले. वर गेला.

काठी जमिनीवर पडली होती. मुकादम गेले होते.

"हातोडीच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही गं," त्याने ताईला, म्हणजे थोरल्या बहिणीला सांगितलं. तिने उलट त्याच्याच पाठीवरून हात फिरवला. तो हात त्याला आजही पोळतो.

साचा उघडला. एक बुडबुडा नाही, एक डाग नाही. इतकं देखणं काम बघून त्याला स्वतःची लाज वाटली. तरी आत आवाजाचं यंत्र बसवलं, गाणं लावलं. गाणं संपलं, आणि आतून...

ठक्. ठक्.

त्याने वायर काढली.

ठक्. ठक्.

आतलं यंत्रच उचकटून काढलं. उरलं नुसतं पोकळ काँक्रीट.

ठक्. ठक्.

धावत वर गेला. खोली रिकामी. काठी तर ताईने केव्हाच नेली होती.

मग रोज दुपारी हेच. एकदा ताई आली. "बाबांना दाखवायला हवा होता रे," म्हणत तिने काँक्रीटवर हात ठेवला.

ठक्. ठक्.

तिने चटकन हात मागे घेतला. वर पाहिलं.

साडूचा धीर सुटला. "ताई, मी खोटं बोललो. मला ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा."

तेवढ्यात काँक्रीटच्या पोकळीतून धाप लागलेला आवाज आला...

"थांबू नकोस... सांधा राहील."

साडूने ताईकडे पाहिलं. भास असेल. भासच असणार.

"सांधा?" ताईने विचारलं. "कसला सांधा?"

"ओतताना मध्येच थांबलं की आधीचा माल आवळून घट्ट होतो. नंतरचा त्याच्याशी एकजीव होत नाही. रेघ राहते, कायमची."

ताईने त्या गुळगुळीत काँक्रीटवरून बोट फिरवलं.

"म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा वाजवलं नाही," ती म्हणाली, आणि पर्स उचलून निघून गेली.

त्या दिवसापासून ठकठक बंद आहे. स्पीकर प्रदर्शनात गेला नाही. "बाबांनी शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो रे," साडू म्हणतो.

परवा मी त्याच्याकडे गेलो होतो. चहा पिता पिता तो उठला आणि जिन्याकडे बघून म्हणाला, "आलो, बाबा."

मला काही ऐकू आलं नव्हतं. निदान बायकोला तरी मी तसंच सांगितलंय.